चिखलात रुतलेला डाकोटा: ब्रेकच्या नळ्या का कापल्या?

रात्रपाळी
दुसऱ्या महायुद्धातली वाइल्डहॉर्न ३ मोहीम, म्हणजे जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमधून माणसं आणि सामान गुपचूप विमानाने आणणं. २५-२६ जुलै १९४४ च्या रात्री इटलीतल्या ब्रिंडिझीहून गेलेला ब्रिटिश हवाई दलाच्या २६७ स्क्वाड्रनचा डाकोटा (दोन इंजिनांचं वाहतूक विमान) पोलंडमध्ये तार्नुफजवळ कुरणात उतरला आणि रुतला. वैमानिक कलिफर्डने ब्रेकच्या नळ्या कापल्या असं वाचलं. चाकं चिखलात, मग ब्रेकचा काय संबंध?

तेलकट पाना
कॉकपिटमध्ये बसून फरक कळत नाही, तीच तर मेख. इंजिनं पूर्ण जोरात, विमान नुसतं थरथरतंय. ब्रेक जाम असले तरी हेच होतं, टायर रुतले तरी हेच. डाकोटाचे ब्रेक तेलाच्या दाबावर धरतात. नळी कापली की दाब गेला, चाक मोकळं. म्हणजे एक शंका झटक्यात मिटते.

पण चाकं वर घेणाऱ्या यंत्रणेलाही तेच तेल लागतं. ते गळून गेल्यामुळे उड्डाणानंतर आणीबाणीच्या शिध्यातलं पाणी हायड्रॉलिक म्हणजे त्याच तेलाच्या टाकीत ओतून, हातपंप मारत चाकं वर घ्यावी लागली. (एरवी तेलात पाणी म्हणजे गंजाला आमंत्रण, पण त्या रात्री गंजाची फिकीर कोणाला!)

नकाशेवाला
जागा नवखी नव्हती, मे महिन्यात तिथेच एक फेरी यशस्वी झाली होती. यावेळी पावसाने जमीन भुसभुशीत झालेली. विमानात जर्मन व्ही-२ रॉकेटचे भाग घेऊन निघालेले पोलिश भूमिगत सेनेचे ह्म्येलेव्स्की, शिवाय पोलिश नेते आर्चिशेव्स्की आणि राजकीय दूत रेटिंगर. जुलैची रात्र आखूड, उजाडलं की संपलं. विमान जाळून टाकायचा विचारही झाला होता. सहवैमानिक श्राइयर पोलिश असल्यामुळे खाली जमलेल्या माणसांशी नीट बोलता आलं, हे फार उपयोगी पडलं.

रात्रपाळी
आणि फळ्या? चाकांखाली फळ्या घालून विमान काढलं असंही वाचलं. नुसत्या चाकापुढे टाकून भागतं?

तेलकट पाना
नाही. चाक स्वतःच्याच खड्ड्यात बसलेलं असतं. फळी वर ठेवली तर टायर तिच्या कडेला अडतो आणि तिलाच पुढे ढकलतो. आधी चाकापुढची माती उतार धरून खणायची, फळीचं टोक टायरखाली सारायचं, मग जोर द्यायचा. दोन्ही बाजूंना सारखंच हवं, नाहीतर एक चाक आधी सुटतं आणि विमान गर्रकन वळतं. पहिले प्रयत्न फसले, मग निघालं.

परतल्यावर ब्रेक नव्हतेच. वेग उतरला की रडरही (शेपटीवरचं विमान वळवणारं सुकाणू) काम करत नाही, आणि एरवी तेव्हा दिशा ब्रेकनेच धरतात. म्हणून समोरून वारा घेऊनच टेकवणं भाग होतं.