मदत हवी आहे: लेकीच्या नावाने जमलेल्या पैशांचं काय करावं?

सोनटक्का
जरा लवकर उत्तर हवं आहे. २१ मार्च जवळ आली आणि लोक रोज विचारताहेत. चिऊच्या नावाने सोसायटीतल्या आणि बाजारातल्या लोकांनी आपणहून पैसे काढले, ते माझ्या खात्यावर पडून आहेत. ट्रस्ट काढावा का? किती खटपट असते? ह्यांचं म्हणणं, एखाद्या संस्थेला देऊन मोकळे होऊ. मला मोकळं व्हायचं नाहीये.

केवडा
चिऊ म्हणजे तुमची मुलगी का? २१ मार्चला काय आहे? गाव कुठलं, रक्कम किती? काहीच कळत नाहीये, ताई.

मावळा७७
अन्नदानासारखं पुण्य नाही. आईच्या नावाने आम्ही दर वर्षी आश्रमशाळेत जेवण देतो. आचाऱ्याचा नंबर हवा तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

हिशोबनीस
ट्रस्ट म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी. विश्वस्त, नियमावली, मग दर वर्षी हिशेब. विश्वस्त बदलला तर तेही कळवायचं. पण त्याआधीचं ऐका. पैसे तुमच्या वैयक्तिक खात्यावर का घेतले? नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळून ५०,००० च्या वर रक्कम आली तर ती तुमच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते. कोणी किती दिले याची यादी आजच करा. पुढे वर्गणी काढायची असेल तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादायची परवानगी घ्या.

निळीशाई
२१ मार्च म्हणजे डाऊन सिंड्रोम दिवस ना? मग मुलीला १८ वर्षं झाली की कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र नक्की काढा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा. शिवाय अशा मुलांसाठीच्या सरकारी निरामय योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो.

केवडा
अहो निळीशाई, लोक तिच्या नावाने पैसे काढताहेत. मुलगी राहिलेली नाही बहुतेक. धागा नीट वाचा हो.

सोनटक्का
हो, चिऊ माझी लेक. पावसाळ्यात गेली. डाऊन सिंड्रोम होता, हृदयाचा दोष जन्मापासून. डोंबिवलीत राहतो. रक्कम दोन लाखांच्या आसपास.

२१ मार्च हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिवस. २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती, म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख. त्या दिवशी दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालतात. आमच्याकडे सेक्रेटरींपासून इस्त्रीवाल्या भैयांपर्यंत सगळे घालायचे, कारण ती दारात उभी राहून बघायची.

शनिवारी संध्याकाळी पत्त्यांचा कॅट घेऊन ती एकेक बेल वाजवायची आणि हाताला धरून माणसं खाली कट्ट्यावर आणायची. गुलामचोर. नाही म्हणायची सोय नव्हती. गळतीवरून वरच्या-खालच्या दोन घरांत बोलणं बंद होतं, त्यांना तिने शेजारी शेजारी बसवलं. त्या दोन्ही घरांनी पैसे दिलेत, वेगवेगळ्या पाकिटांत. कट्ट्यावर आता कोणी येत नाही. त्यांना एकत्र कशाच्या निमित्ताने बोलवू, हे मला सुचत नाही.

मावळा७७
वाचून गलबलून आलं. मग त्या दिवशी कट्ट्यावरच जेवण घाला की.

तिठा
ट्रस्टच्या भानगडीत पडू नका. दोन लाखांत काय ट्रस्ट चालवणार? विशेष शाळेत कायम ठेव ठेवा, व्याजातून दर वर्षी तिच्या नावाचं बक्षीस.

हिशोबनीस
रक्कम लहान म्हणून ट्रस्ट नको, हा युक्तिवाद पटत नाही. बक्षीस समारंभाला या कट्ट्यावरचं कोण जाणार आहे?

तिठा
आणि तुमच्या ट्रस्टच्या मीटिंगला कोण येणार? आमच्या गावच्या वाचनालयाचे विश्वस्त सह्यांपुरते भेटतात.

केवडा
वाचनालयावर वेगळा धागा काढा, प्लीज.

एक_बाबा
माझा मुलगा २४ वर्षांचा, त्यालाही डाऊन सिंड्रोम. आम्ही ठाकुर्लीत. शाळा १८ला संपली, कार्यशाळेत दुपारपर्यंत जातो, त्यानंतर पूर्ण संध्याकाळ घरात. त्याला थेरपी मिळते, टॅब मिळतो. हाताला धरून 'चल खेळायला' म्हणणारं कोणी मिळत नाही. तुमच्या लेकीने केलं ते कुठल्याही संस्थेकडून विकत घेता येणार नाही. पैशांचं म्हणाल तर डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं 'घरकुल' आहे, अशा मुलांचं निवासी घर, पालकांनीच उभं केलेलं. त्यांना काय लागतं ते जाऊन विचारा आणि द्या. पण ताई, शनिवार बंद ठेवू नका. आम्हाला बोलवा. माझा मुलगा बेल वाजवायला कधीही तयार असतो.

निळीशाई
सोनटक्का ताई, माझ्या आधीच्या प्रतिसादाबद्दल मनापासून माफी.

सोनटक्का
निळीशाई, असू द्या.

हिशोबनीस, यादी आज रात्री करते. ह्यांना 'घरकुल'चं सांगितलं, ते दोघा-तिघांना घेऊन रविवारी जाणार आहेत. वरचे काका आणि खालच्या काकू, दोघांनाही गाडीत बसवायला सांगितलंय.

एक_बाबा, या शनिवारी सहा वाजता या. मुलाला पत्ते येतात का? नसतील येत तर शिकवू, चिऊलाही कट्ट्यावरच शिकवले होते. त्याच्या खाण्याचं काही पथ्य आहे का, आणि मोठा आवाज सहन होतो का? सहा वाजता समोरच्या देवळात घंटा असते.

एक_बाबा
घंटा आवडते. गव्हाचं चालत नाही, बाकी सगळं खातो. गुलामचोर येत नाही. सोसायटीचं नाव आणि कुठली विंग ते व्यनि करा.