कंट्री म्हणजे फौजेची जाहिरात? जरा थांबा राव

डोंबिवलीचा_बँजो
कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या गावाकडची गिटारवाली गाणी. त्यावर परवा तात्यांनी इथे फर्मान काढलं: "कंट्री संगीत म्हणजे अमेरिकी लष्कराचं जाहिरात खातं, आणि सैनिक त्याचं गिऱ्हाईक." खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसून पाहिलं, जमलं नाही.

जाहिरात होतीच, ते मान्य. 1950 च्या दशकात 'कंट्री स्टाईल, यूएसए' हा कार्यक्रम लष्कराच्या भरतीसाठीच निघायचा, कंट्रीचं माहेर असलेल्या नॅशव्हिलचे गायक घेऊन. पण हे नातं भरती कचेरीत नाही, बराकीत जमलं. कंट्रीचा बडा गायक जॉनी कॅश हवाई दलात, पश्चिम जर्मनीत लांड्सबर्गला. काम काय, तर कानाला हेडफोन लावून रशियनांचा मोर्स टिपायचा. पहिली गिटार तिथे घेतली, बराकीतली पोरं जमवून बँड तिथे काढला, फॉल्सम तुरुंगाचं गाणंही तिथलंच. जॉर्ज स्ट्रेट हवाई बेटांवर लष्करात असताना गायला लागला. क्रिस्टोफरसन तर हेलिकॉप्टर उडवणारा कॅप्टन. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत साहित्य शिकवायची नेमणूक सोडून नॅशव्हिलच्या स्टुडिओत झाडू मारायला गेला, घरच्यांनी नाव टाकलं.

यांचं नाव मुठी आवळणाऱ्या गाण्यांनी झालेलं नाही. तसली गाणी गाजवली टोबी कीथने आणि मर्ल हॅगार्डने. पहिल्याने कधी वर्दी घातली नाही, दुसरा तुरुंगात जाऊन आलेला, फौजेत नाही. काय ते समजा.

तिरकस_तात्या
फर्मानवाला हजर आहे. बॅरी सॅडलर विसरलात की सोयीने गाळलात? ग्रीन बेरे, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या खास पथकातला, व्हिएतनाममध्ये जखमी झालेला. 1966 मध्ये त्याचं ग्रीन बेरेंवरचं गाणं 5 आठवडे अमेरिकेत पहिल्या नंबरवर. वर्दीही होती आणि मूठही. फुटला की नाही बँजो?

आणि कीथचा बाप फौजेतला, एक डोळा गमावलेला. तो 2001 च्या मार्चमध्ये अपघातात गेला, सप्टेंबरमध्ये टॉवर पडले, त्यातून त्याचं ते मूठवालं गाणं आलं. पुढे हाच माणूस इराक-अफगाणिस्तानात जवानांसमोर गात फिरला. जवान काय कानात बोळे घालून बसले होते?

डोंबिवलीचा_बँजो
सॅडलर दिला. एक.

पण तात्या, परवा सैनिक म्हणजे गिऱ्हाईक होते, आज ते साक्षीदार झाले. एकदा काय ते ठरवा.

क्लार्क्सव्हिलची_मृदुला
मी टेनेसीत राहते, फोर्ट कॅम्पबेलची लष्करी छावणी इथून हाकेच्या अंतरावर. 2011 ची गोष्ट. समोरच्या घरातली बाई, नवरा अफगाणिस्तानात, तिसरी खेप. तिच्या ओट्यावर आम्ही दोघी त्याचं पार्सल भरत होतो. माझं अक्षर बरं म्हणून कस्टमचा फॉर्म मी लिहायला घेतला. मोजे 6 जोड, सुक्या मांसाची पाकिटं 4, सीडी 3. पुढचा रकाना किमतीचा. सीडी तिने घरीच भरलेल्या. "किंमत काय लिहू?" विचारलं तर हसली, मग बराच वेळ काही बोललीच नाही. शेवटी मी एक डॉलर लिहिला.

गाणी कसली होती म्हणाल तर मासे पकडायची, मोडलेल्या प्रेमाची, आईच्या स्वयंपाकाची. युद्धाचं एकही नाही. मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाली, युद्ध आहे की त्याच्याकडे.

तिरकस_तात्या
छान. डोळे पुसले. आता 2003 आठवा, इराक युद्धाच्या तोंडावर. डिक्सी चिक्स या बायकांच्या कंट्री बँडच्या नॅटली मेन्सने लंडनमध्ये स्टेजवर सांगितलं की राष्ट्राध्यक्ष बुश आमच्या टेक्सासचा, याची आम्हाला लाज वाटते. त्यावर याच बायकांनी लुईझियानात सीडी ट्रॅक्टरखाली घातल्या. रेडिओवरून चिक्स गायब झाल्या, आणि तेव्हा त्यांचं पहिल्या नंबरवरचं गाणं कोणतं होतं? व्हिएतनामला गेलेल्या पोराचं! फुटबॉलच्या मैदानावर मेलेल्यांची नावं वाचतात आणि बँडमधली पिकोलो वाजवणारी एकटी पोरगी रडते. सैनिकाचं गाणं सैनिकाच्या नावाने गाडलं. याला जाहिरात खातं म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

क्लार्क्सव्हिलची_मृदुला
"याच बायकांनी"? माझी शेजारीण ट्रॅक्टरवर बसली होती का? ती 2003 मध्ये शाळेत होती. छावणीतला माणूस आणि रेडिओचा मालक यांच्यात फरक करायला शिका.

डोंबिवलीचा_बँजो
आणि तेव्हा चिक्सच्या बाजूने बोलला कोण, तर मर्ल हॅगार्ड. हो, तोच मूठवाला. माझा सिद्धांत इथे मीच मोडतो, तुम्ही कष्ट घेऊ नका.

सुभेदार_अण्णा (निवृत्त)
नमस्कार. सातारकर आहे, गाण्यातलं फार कळत नाही. अमेरिकेच्या तुकडीबरोबर उत्तराखंडात चौबटियाला संयुक्त सरावात होतो. रात्री शेकोटीला त्यांचा एक पोरगा गिटार घेऊन बसला. शब्द कळले नाहीत, पण त्यांचे सगळे खाली बघत होते. आमच्यातल्या एकाने 'संदेसे आते हैं' धरलं, तर आमचेही तसेच.

माझी तक्रार वेगळी आहे. मराठीत फौजी माणसाचं असं गाणं का नाही? अपशिंग्यात घरटी फौजी. घरी आठवण आली तरी हिंदी सिनेमाच लावायचा?

जात्याची_लेक
अण्णा, माफ करा, पण हे चूक आहे. आमची आजी दळताना पलटणीतल्या भावाच्या ओव्या गायची. पत्र आलं नाही, पेन्शन कुणाच्या हाती पडली, सगळं त्यात. तुम्ही पुरुष जात्यापाशी बसला असतात तर ऐकू आलं असतं.

सुभेदार_अण्णा (निवृत्त)
आई दळायची तेव्हा मी पोस्टिंगवर होतो, ताई. बसणार कधी?

जात्याची_लेक
...हे मात्र खरं. शब्द मागे घेते. अर्धे.

सोसायटी_सेक्रेटरी_301
देशभक्तीच्या गाण्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्याकडे 15 ऑगस्टला सकाळी सहापासून भोंगा. तीच 4 गाणी, फिरून फिरून. कमिटीतल्या एकाच्याही घरातलं कोणी फौजेत नाही.

तिरकस_तात्या
बघा! टोबी कीथ तुमच्या गच्चीवर राहतो.

डोंबिवलीचा_बँजो
धागा कंट्रीचा आहे हो. कंट्रीचा.

जात्याची_लेक
राहू दे आता. अण्णा, आजीच्या 2 ओव्या आईला पाठ आहेत. रविवारी रेकॉर्ड करून पाठवते.

तिरकस_तात्या
मृदुलाताई, "याच बायकांनी" मागे घेतो. जाहिरात खातं मागे घेत नाही. त्या सीडी पोचल्या का?

क्लार्क्सव्हिलची_मृदुला
5 आठवड्यांनी. एक तडकलेली.

सोसायटी_सेक्रेटरी_301
भोंग्याचं कोणी काही बोलेल का?