प्रतिसाद: मधे येणाऱ्या फोनचं काय करायचं?
एकाच प्रकारची कामं साठवून एका बैठकीत उरकायची, असा सल्ला असतो; तर मग मधे येणाऱ्या फोनचं काय, असा प्रश्न आलाय. आमचा देवगडला हापूसचा व्यवसाय, एप्रिल-मेमध्ये हा प्रश्न रोजचाच. ऊन चढायच्या आत झेल्याने (फळं काढायची जाळी लावलेली लांब काठी) देठासकट काढणी, माल सावलीत आणून आधी फक्त वजनाप्रमाणे निवड, ती पुरी झाली की पेंढा घालून पेट्या भरायच्या. निवडीला बसलेल्याने फोन घ्यायचाच नाही, यावर मी ठाम आहे. मधेच कोणाला दर सांगितला की पुढची चार फळं नुसती हातातून जातात, डागी आंबा पेटीत शिरतो आणि शेजारची फळंही खराब होतात. कामातल्या लक्षावर संशोधन करणाऱ्या सोफी लरॉय यांनी २००९ च्या शोधनिबंधात हेच मांडलंय: काम अर्धवट सोडलं की लक्षाचा काही भाग तिथेच अडकतो. उठावंच लागलं तर कुठवर आलो ते पेटीवर खडूने लिहून ठेवा, खूप फरक पडतो.

गिऱ्हाइकांना आधीच सांगा: ऑर्डर व्हॉट्सॲपवर लिहा, उत्तर दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी मिळेल. लोक समजून घेतात, खरंच. काढणी मात्र अशी साठवू नका. तयार फळ झाडावर थांबत नाही, ती रोज थोडी थोडीच करावी लागते.