शब्दचर्चा : 'ओनरशिप घेणे' मराठीत कसं म्हणायचं?

टाचण : मॅनेजर आणि सुपरवायझरांसाठीच्या पत्रकात वाक्य आहे, 'अडचणींबद्दल तक्रार न करता ओनरशिप घ्या.' 'मालकी घ्या' लिहिलं की सातबारा आठवतो. 'जबाबदारी' पुरेल का?

वेलांटी : मालकी नकोच, ती हक्क सांगते. 'जबाबदारी' अर्थाने चोख आहे : जवाब आणि दार, म्हणजे विचारलं की उत्तर द्यायला बांधलेला. 'उत्तरदायित्व' शासकीय कागदावर शोभतं, सकाळच्या मीटिंगमध्ये कोणाच्या तोंडी येत नाही. अडचण एवढीच की 'जबाबदारी घ्या' म्हटलं की माणसाला 'दोष कबूल करा' असं ऐकू येतं आणि तो अंग काढून घेतो. बोलीत यासाठी सरळ शब्द आहे : 'हे माझ्याकडे.' पत्रकात 'अडचण आपल्याकडे घ्या' लिहा.

पाळीप्रमुख : 'माझ्याकडे' पटलं. पण नामापेक्षा क्रियापदावर लक्ष ठेवा, पळवाट तिथे असते. 'राहून गेलं' यात करणाराच नाही. 'बघतो' यात काम नाही. 'आपण करून घेऊ' यातलं 'आपण' म्हणजे सगळे, म्हणजे कोणीच नाही. समजा सीलिंग मशीन 40 मिनिटं बंद पडलं. 'स्टोअरने पार्टच दिला नाही' हे झालं खापर फोडणं. तेच असं सांगता येतं : 'रबरी सील झिजल्याचं सोमवारी दिसलं होतं. मागणीची चिठ्ठी मी पाठवली नाही. आज 12 च्या आत पाठवतो, तोवर सध्या बंद असलेल्या दुसऱ्या लाइनचा सील काढून बसवतो. खरेदीची मंजुरी तुमच्याकडून दुपारपर्यंत लागेल.' काय दिसलं, कोणाचं काम होतं, आता कोण काय करणार, वरून काय हवं, सगळं आलं. यातलं शेवटचं लोक गाळतात. मग मंजुरी अडकते आणि पुढच्या आठवड्यात तेच मशीन पुन्हा बंद.

वेलांटी : म्हणूनच 'तक्रार न करता' हे शब्दही काढा. अरबीत 'तकरार' म्हणजे पुनरावृत्ती. हिंदी-उर्दूत त्याचं भांडण झालं, मराठीत गाऱ्हाणं. तेच वाक्य तिसऱ्या मीटिंगमध्ये आलं, मधल्या काळात काहीच हललं नाही, की मूळ अर्थ परत येतो. त्याला 'रडगाणं' म्हणावं. तक्रार वेगळी. कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात, त्यात अडचणीला जोडून मागणं असतंच, आणि जमलेले 'होय म्हाराजा' म्हणून साथ देतात.

पाळीप्रमुख : फार महत्त्वाचं. मशीनचा गार्ड, म्हणजे सुरक्षेचं झाकण, निघालाय आणि कामगार बोलत नाही, तर ती सोशिकता नव्हे, अपघाताला आमंत्रण आहे. 'तक्रार नको' असं छापलेलं वाचून माणसं नेमकं हेच सांगायचं थांबतात. आणि अधिकार न देता 'तुझ्याकडे घे' म्हणणं म्हणजे ओझं ढकलणं. सुट्या भागांच्या खरेदीची सही ज्याच्याकडे नाही, त्याला उशिराबद्दल जाब विचारू नये.

टाचण : मग असं करतो : 'अडचण दिसली की ती आपल्याकडे घ्या. जे आपल्या हातात नाही, ते कोणाकडून आणि कधीपर्यंत हवं ते सांगा.'

पाळीप्रमुख : 'कधीपर्यंत'ऐवजी 'किती वाजेपर्यंत' लिहा. पाळीत काम करणाऱ्याला 'उद्या' म्हटलं की कोणत्या पाळीत, हा प्रश्न उरतोच.