शब्दचर्चा: सामाजिक दायित्व, उत्तरदायित्व की बांधिलकी? आणि प्रमोटर म्हणजे मालक का?

तुर्भेकर
आमच्या संस्थेचा वार्षिक अहवाल यंदा मराठीत काढतेय. तुर्भे स्टोअरला पाळणाघर आणि अभ्यासिका चालवतो, पैसा बहुतेक टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्यांचा. 'सीएसआर'ला (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायचा खर्च) कुणी सामाजिक दायित्व सुचवतंय, कुणी उत्तरदायित्व. अध्यक्षांना बांधिलकी हा शब्द आवडतो. आणि 'प्रमोटर'ला मालक लिहिलं तर चालेल ना? बोलताना आपण तसंच म्हणतो.

दिघेगाव
सीएसआरच लिहा ताई. आमच्या शाळेतले शिपाईसुद्धा सीएसआर म्हणतात.

नौपाड्याहून
पैशाचा उल्लेख आहे तिथे दायित्व. कुठल्याही पतसंस्थेचा ताळेबंद काढा, एका बाजूला 'भांडवल व देणी' दिसेल. दायित्व म्हणजे तसंच देणं. सीएसआर बंधनकारक करणारं कंपनी कायदा २०१३चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी कंपनीनं गाठलं तरी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्चायची. म्हणून अहवालाच्या मजकुरातून 'देणगी' आणि 'सौजन्याने' हे दोन शब्द आधी काढा. पावतीवर हिशेबाला जो शब्द लागतो तो लागू द्या.

ऐरोली सेक्टर ८
थोडी भर. 'दाय' म्हणजे वाट्याला येणारी वडिलोपार्जित मिळकत, दायाद म्हणजे वारस. मूळ धातू 'दा', देणे. दायित्वही त्याच घरातलं. उत्तरदायित्व आणि जबाबदारी यांची घडण मात्र सारखी आहे, दोन्हींत उत्तर देणं आलं, एक संस्कृतातून आणि एक फारसीतून. त्यामुळे उत्तरदायित्व लिहिलंत की 'कुणाला उत्तर द्यायचं' हा प्रश्न येतोच.

वागळे इस्टेट
तोच प्रश्न खरा आहे आणि तो मालकीशी जोडलेला आहे, म्हणून 'मालक' शब्दाबद्दल सविस्तर लिहितो. मी आधी वागळेत आणि पुढे रबाळ्यात कारखान्यांतच नोकरी केली.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत प्रवर्तक (म्हणजे प्रमोटर) घराण्याकडे काही टक्के भाग असतात, बाकीचे म्युच्युअल फंड, विमा कंपन्या आणि आपल्यासारखे लोक यांचे. ते २ टक्के सगळ्यांच्या नफ्यातून निघतात. एका पालिका शाळेत अशाच पैशातून बसवलेल्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रावर पितळी पाटी पाहिली: 'कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ', खाली शेठजींचं नाव. पाणी चांगलं होतं, मुलं पीत होती. पण पाटी खोटी होती. 'मालक' शब्द सैल वापरला की अशी पाटी कुणाला खटकत नाही. प्रवर्तकच लिहा.

घराणं असलं की सगळं वाईट, असं मला मुळीच म्हणायचं नाही. गावात नाव राखायचं असतं म्हणून ते एकच काम पिढ्यान्पिढ्या धरून ठेवतात. टाटा सन्सचे सुमारे दोन तृतीयांश भाग तर ट्रस्टांकडेच आहेत, म्हणजे तिथे भागधारकच विश्वस्त आहे. परदेशी कंपनीच्या इथल्या शाखेत विषय अनेकदा मुख्यालयातून येतो, मग तुर्भ्याला पाळणाघर हवं असलं तरी रोबोटिक्सची प्रयोगशाळा मिळते. सरकारी कंपन्यांना विषय दिल्लीहून येतात.

आणि साहेब कुठून वर आला यानेही फरक पडतो. आमचे एक व्यवस्थापकीय संचालक शॉप फ्लोअरवरून चढलेले. त्यांनी सगळा निधी आयटीआयच्या लेथ मशिनांना आणि निदेशकांच्या प्रशिक्षणाला लावला, स्वतः जाऊन लेथचा चक (काम पकडून ठेवणारा भाग) हातात धरून बघायचे. त्यांच्यानंतर विक्री विभागातून आले, त्यांना ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचं सुशोभीकरण पसंत पडलं, कारण फलक दिसतो. कायदा तोच, रक्कमही साधारण तेवढीच. हॅम्ब्रिक आणि मेसन या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९८४ साली हेच मांडलं होतं, की वरच्या माणसांचे अनुभव, शिक्षण आणि मूल्यं कंपनीच्या निर्णयांत उतरतात.

बांधिलकी हा शब्द त्या पहिल्या साहेबांसाठी ठेवा. निधीला लावू नका.

नौपाड्याहून
सहमत. एक पुस्ती: कंपनी जिथे चालते त्या परिसराला प्राधान्य द्यावं असं त्याच कलमात आहे. रोबोटिक्सवाल्यांना पत्र लिहाल तेव्हा ते वाक्य जरूर टाका.

तुर्भेकर
खूप आभार सगळ्यांचे. मग निधीला 'सामाजिक दायित्व निधी', प्रमोटरला प्रवर्तक. पाळणाघराच्या पाटीवर फक्त कंपनीचं नाव घालते. पण त्यांच्याकडून संचालकांचं नाव हवंय असा निरोप आलाय, त्याचं काय करू?

वागळे इस्टेट
ते कंपनीच्या सीएसआर समितीवर असतील तर नावाखाली 'सदस्य, सीएसआर समिती' असं पद घाला. नसतील तर नम्रपणे नाही म्हणा, आणि पाटीचा मजकूर आधी लेखी मंजूर करून घ्या.