मदत हवी आहे: स्वीट कॉर्न दोनदा फसलं, तिसऱ्यांदा कधी आणि कसं पेरू?

कुंपणाकाठी

नमस्कार मंडळी. जुने धागे चाळले, पण माझ्या दुखण्यावर नेमकं औषध सापडलं नाही म्हणून नवा काढतेय. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

घरामागे ३ मीटर बाय ३ मीटर मोकळी जागा आहे, ऊन दिवसभर. दोन वर्षं तिथे स्वीट कॉर्नचा हट्ट धरलाय आणि दोन्ही वेळा तोंडावर आपटलेय.

पहिल्या वर्षी थंडी ओसरतेय असं वाटताच विकतचं बी पेरलं. लवकर उगवावं म्हणून रात्रभर भिजवलंही होतं. ४० दाण्यांतले १४ उगवले. बाकीचे उकरून पाहिले तर मऊ, लिबलिबीत. आलेली रोपं कुंपणाला लागून एका ओळीत होती. वाढली झकास, पण कणसं सोलली तर नुसतं बोळकं! चार दाणे इथे, सहा तिथे, शेंडा पार रिकामा. आणि भरलेल्या दाण्यांतले काही गोड, काही पिठूळ.

दुसऱ्या वर्षी परत बी कशाला आणायचं, म्हणून झाडावरच वाळवलेल्या दोन कणसांचं बी वापरलं. त्यातलं बरंचसं सुरकुतलेलं होतं, ते फेकून दिलं आणि टपोरे, गुळगुळीत दाणे तेवढे निवडले. या वेळी चांगलं उकडायला लागल्यावर पेरलं, चार ओळी केल्या. जवळजवळ सगळं उगवलं, कणसं गच्च भरली. चव मात्र शून्य. पीठ खाल्ल्यासारखं. मधूनच एखादा दाणा एकदम गोड लागायचा, तेवढाच दिलासा.

तर पेरायचं कधी, किती खोल, किती अंतरावर? बुंध्यातून फुटवे येतात ते काढायचे का? कणीस तयार झालं हे न सोलता कसं कळतं? आणि मुख्य म्हणजे, माझं चुकलं कुठे?

वाफसा

पहिल्या वर्षीचं सोपं आहे ताई, बी थंडीत कुजलं. महिना कुठला हे विचारूच नका, जमिनीला विचारा. सकाळच्या वेळी ५ सेंटिमीटर खोल थर्मामीटर खुपसा. साधं गोड मक्याचं बी १० अंशांना कसंबसं जागं होतं, पण रखडत. १५-१६ अंश असेल तर बरं. सुपरस्वीट (साध्यापेक्षा जास्त साखरेच्या) प्रकारचं असेल तर १८ च्या खाली हात लावू नका. त्या बियांत पिठाचा साठाच कमी, म्हणून तर त्या सुरकुतलेल्या दिसतात. अंकुराला शिदोरी थोडी, आणि थंड चिखलात आठवडाभर पडून राहिलं की बुरशी आधी पोचते.

दुसऱ्या टोकालाही भान ठेवा. तुरा (झाडाच्या शेंड्यावरचा परागाचा फुलोरा) आणि कणसाचे केस बाहेर येतील तेव्हा ३५ अंशांच्या वर उन्हाळा आणि जमीन कोरडी, असा योग आला तर पराग मरतो, केस सुकतात. पेरणीपासून तुरा यायला वाणाप्रमाणे दीड-दोन महिने, त्यावरून मागे मोजून तारीख काढा.

खोली अडीच ते चार सेंटिमीटर. भारी जमिनीत कमी, हलक्या जमिनीत जास्त. वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली की, टोकण करा, म्हणजे बोटानं भोक पाडून एका जागी दोन दाणे. रोपं वीतभर झाली की एक ठेवून दुसरं कात्रीनं कापा. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं.

खुरपं

भिजवण्याबद्दल माझं मत वेगळं. मी कायम भिजवते आणि मला कधी त्रास झाला नाही.

वाफसा

गरम जमिनीत चालतं. थंड आणि ओल्या जमिनीत भिजवलेलं बी टाकणं म्हणजे बुरशीला आवतण. विकतच्या बियांवर गुलाबी-लाल औषध चोळलेलं असतं तेही भिजवताना धुऊन जातं. (तसलं उरलेलं बी कोंबड्यांपुढे टाकू नका आणि पेरल्यावर हात धुवा.)

खुरपं

हं, मी पेरते तेव्हा बाहेर उकाडाच असतो. मान्य.

तुरेवाला

बोळक्याबद्दल मी सांगतो, कारण यात मीही दोन हंगाम घालवलेत.

कणसातून लोंबणारा एक केस म्हणजे एक दाणा. प्रत्येक केस आतल्या एकेका बीजांडापर्यंत जातो. तुऱ्यातून पडलेला परागकण त्या केसावर बसला, रुजला आणि त्याची नळी खालपर्यंत पोचली, तरच तिथे दाणा. ज्या केसाला पराग मिळाला नाही तिथे खळगा. मधमाशीचा यात फारसा हात नाही, सगळी भिस्त वाऱ्यावर. एका ओळीत लावलं की वारा पराग उडवून भलतीकडे नेतो. चौकोनात लावलं तर कुठूनही वारा आला तरी कुणाच्या तरी केसांवर पडतो. शेंडा रिकामा राहतो कारण कणसाच्या बुडाचे केस आधी बाहेर येतात, शेंड्याचे सगळ्यात शेवटी. तोवर तुरे झडून गेलेले असतात.

म्हणून किमान चार ओळी. तुमच्या जागेत ७५ सेंटिमीटरवर चार ओळी आणि ओळीत २५ सेंटिमीटरवर एक झाड, म्हणजे ४८ झाडं बसतात. झाडामागे एक चांगलं कणीस धरा, दुसरं आलं तर बोनस. सगळी एकाच आठवड्यात तयार होतील हे लक्षात घ्या. दोन टप्प्यांत हवी असतील तर दोन-दोन ओळी करू नका, तीच चूक परत होईल. चार ओळी सहा-सहा झाडांच्या, आणि पहिल्या रोपांना तीन-चार पानं आली की उरलेल्या अर्ध्या जागेत तशाच चार.

एवढ्या लहान तुकड्यात मी वाऱ्यावर विसंबत नाही. सकाळी दव सुकलं की तुरा कागदावर झटकतो, पिवळी पूड पडते, ती शेजारच्या झाडांच्या केसांवर शिंपडतो. चार-पाच सकाळी. घरचे हसतात, हसू देत.

कुंपणाकाठी

बापरे, एका केसाला एक दाणा! हे माहीतच नव्हतं. पण मग दुसऱ्या वर्षी चार ओळी होत्या, कणसं भरलीही होती. मग गोडी कुठे गेली? खत कमी पडलं का? मी फक्त शेणखत घातलं होतं.

वाफसा

गोडी खतानं जात नाही. काढायला उशीर केलात का?

कुंपणाकाठी

नाही हो, नखानं दाबून पाहिलं होतं, पांढरा चीक येत होता. काही तर त्याहूनही कोवळी काढली.

बीजखूण

एक विचारू? कुंपणापलीकडे काय असतं?

कुंपणाकाठी

पलीकडे शेजाऱ्यांचा मोठा तुकडा आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जनावरांसाठी मका लावला होता. गेल्या वर्षी तिथे काहीच नव्हतं.

बीजखूण

मग चोर सापडला.

मक्याच्या दाण्यात साखर राहणं हा दबका गुण आहे. आई आणि बाप, दोन्हीकडून गोडपणा आला तरच दाणा गोड. एकीकडून साध्या मक्याचा पराग आला की त्याच हंगामात, त्याच कणसावर तो दाणा पिठूळ होतो. पुढच्या पिढीची वाट पाहावी लागत नाही. पहिल्या वर्षीचे तुमचे 'काही गोड, काही पिठूळ' दाणे हे त्याचंच लक्षण. तुमची ओळ कुंपणाला खेटून, पलीकडे चाऱ्याचा मका तुऱ्यात. घरचा पराग वाऱ्यानं गेला, परका आला.

आता खरी गंमत. गोड मक्याचा दाणा वाळला की सुरकुततो, कारण आत पीठ कमी आणि साखर जास्त. पिठाचा दाणा वाळला तरी टपोरा, गुळगुळीत राहतो. म्हणजे तुम्ही फेकलंत ते स्वीट कॉर्न होतं आणि जपून पेरलंत ते शेजाऱ्याच्या मक्याचं अर्ध लेकरू! निवड अगदी काळजीपूर्वक केलीत, फक्त उलटी. साठा भरपूर असल्यानं ते धडाधड उगवलंही. मधला एखादा गोड दाणा कुठून आला, तर त्या झाडांत एक बाजू गोडीची होतीच. दोन्हीकडून तीच बाजू जुळून आली की दाणा गोड, आणि हे साधारण चारात एकदा होतं. बाहेरचा पराग नव्हता, त्यामुळे मेंडेलचा (आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या शास्त्रज्ञाचा) हा तीनास एक हिशोब तुमच्या परसात जमला असणार.

तेव्हा या वेळी बी नवीन आणा. बहुतेक वाण संकरित असतात, घरचं बी ठेवलं तर पुढची पिढी एकसारखी येत नाही. आणि शेजाऱ्यांना आधी विचारा की मका लावणार का. लावणार असतील तर त्यांचा तुरा आणि तुमच्या कणसाचे केस यांच्यात दोन-तीन आठवड्यांचं अंतर पडेल अशी पेरणी करा. नुसत्या पेरणीच्या तारखांत अंतर ठेवून भागत नाही, कारण गोड मका बऱ्याचदा लवकर तुऱ्यात येतो आणि थंडीत आधी पेरलेल्याला उशिरा पेरलेला गाठतो.

आणखी एक पाचर. साधा गोड आणि सुपरस्वीट शेजारी शेजारी लावू नका. सुपरस्वीट हा वेगळ्याच जनुकाचा खेळ आहे. इलिनॉय विद्यापीठात जॉन लॉफनन यांनी १९५३ साली त्यातली वाढीव साखर दाखवून दिली, तिथून हे वाण निघाले. दोघांची गोडी वेगवेगळ्या वाटेनं येते, त्यामुळे एकमेकांचा पराग लागला की एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि दोघांचेही दाणे पिठूळ होतात. गोड अधिक गोड बरोबर पीठ, असं ते विचित्र गणित. पाकिटावर प्रकार लिहिलेला असतो, वाचून घ्या.

कुंपणाकाठी

मी सुन्न झालेय. सुरकुतलेलं बी मी खरंच कचऱ्यात टाकलं होतं हो.

खुरपं

होतं असं 😄 राहिलेल्या प्रश्नांचं मी सांगते. फुटवे काढू नका, काढून उत्पन्न वाढत नाही, उलट झाडाला जखम. गुडघाभर उंची झाली की खत द्या आणि त्याच वेळी बुंध्याला मातीची भर लावा, म्हणजे आधाराची मुळं धरतात आणि झाड वाऱ्यानं लोळत नाही. तुरा दिसायच्या आधी खताचा आणखी एक हात. मका नत्राचा खादाड आहे, खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेवर पिवळी पडत आली की समजा उपाशी आहे. पाणी एरवी थोडं मागेपुढे चालेल, पण तुरा येण्यापासून दाणे भरेपर्यंत अजिबात ताण नको. तेव्हा चौरस मीटरला आठवड्याला निदान २५ लिटर, कडक उन्हात त्याहून जास्त.

पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या, गुंडाळलेल्या पानांत) भुसा पडल्यासारखी विष्ठा आणि पानांना फाटकी भोकं दिसली तर लष्करी अळी. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, म्हणजे तीच. ४८ झाडांना फवारा कशाला, रोज सकाळी पोंगे तपासून चिरडा.

तुरेवाला

काढणीचं राहिलं. केस बाहेर पडल्याची तारीख लिहून ठेवा. तिथून १८ ते २४ दिवस, गरमीत लवकर. केस तपकिरी आणि कोरडे, पण वरचा पाला हिरवा, आणि शेंडा चाचपला तर बोथट, भरलेला लागतो. शंका असेल तर एकाच कणसाचा पाला थोडा बाजूला करून नख मारा. पाणी आलं तर थांबा, दुधासारखं आलं तर काढा, कणकेसारखं आलं तर उशीर झाला. सुपरस्वीटमध्ये मात्र चीक पातळच असतो, त्यात दुधाची वाट बघत बसू नका.

सकाळी गारव्यात काढा आणि लगेच फ्रिजमध्ये. साध्या गोड मक्यातली साखर ३० अंशांत एका दिवसात ६० टक्क्यांपर्यंत पीठ होऊ शकते, शून्य अंशाला तेवढ्याच वेळात ६ टक्के. दुपारी तोडून संध्याकाळपर्यंत टोपलीत ठेवलात तर एवढा सगळा खटाटोप पाण्यात.

कुंपणाकाठी

सगळ्यांचे आभार. शेजारच्या काकांना विचारून आले, या वर्षी त्यांचा मका आहे, पण महिन्याभरापूर्वीच पेरलाय, गुडघ्याच्या वर आलाय. आमच्याकडे सकाळी माती १९ अंश दाखवतेय.

आणि बीजखूण, गेल्या वर्षीचं एक वाळलेलं कणीस माळ्यावर सापडलं. तुमचं वाचून दाणे सोलून मोजले. १०० टपोरे, ३१ सुरकुतलेले. हे ३१ आता फेकू की पेरू?

बीजखूण

फेकू नका! तेच गोड आहेत. पण सगळी भिस्त त्यांच्यावर नको, झाडं लहानमोठी येतील. मुख्य जागेत नवीन बी लावा. हे ३१ दाणे पुढच्या हंगामात, वेगळ्या वेळी, दाट चौकोनात. आणि काकांचा मका तुऱ्यात आला की इथे येऊन तारीख सांगा.