लहान तपासणी प्रयोगशाळेसाठी पाणी शुद्धीकरण यंत्रणा निवडताना सल्ला हवा आहे (साकीनाका, मुंबई)

मापनशीशी (धागाकर्ती):
साकीनाक्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात आमची अन्नपदार्थ व पाणी तपासणीची प्रयोगशाळा आहे. आजवर काचेच्या दुहेरी ऊर्ध्वपातन संचावर काम निभावले. परंतु एचपीएलसी (द्रवातील घटक स्तंभातून वेगळे करून मोजणारे यंत्र) घेतल्यापासून ब्लँकमध्येही, म्हणजे नमुना नसलेल्या कोऱ्या चाचणीतही, आलेखावर शिखरे दिसू लागली आहेत आणि स्तंभ धुऊनही ती जात नाहीत. एचपीएलसी व एएएस (धातूंचे प्रमाण मोजणारे यंत्र) मिळून रोज सहा-सात लिटर, मीडिया (जिवाणू वाढवण्याची माध्यमे) आणि अभिकर्मकांसाठी पंधरा लिटर, तर भांडी विसळण्यासाठी पन्नासएक लिटर पाणी लागते. पालिकेचे पाणी सकाळी टाकीत चढते. उन्हाळ्यात कपात झाली की सोसायटी टँकर मागवते. तीन दरपत्रके आली आहेत आणि तिन्हींमध्ये सगळेच्या सगळे पाणी १८.२ मेगाओहम रोधकतेचे, म्हणजे अतिशुद्ध, देऊ केले आहे. कोणती यंत्रणा घ्यावी, याबद्दल अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ब्युरेट:
मॅडम, दरपत्रके थोडी बाजूला ठेवा. आपल्या आकड्यांतच निम्मे उत्तर आहे. सत्तर लिटरपैकी अतिशुद्ध पाण्याची गरज फक्त सात लिटरांना आहे. बाकीचे त्या दर्जाचे करणे म्हणजे महागडे रेझिन (क्षार शोषणारे दाणे) मोरीत ओतणे. आयएसओ ३६९६ या प्रयोगशाळेच्या पाण्याच्या मानकात तीन प्रती (दर्जे) आहेत आणि त्यांची वाहकता २५ अंश सेल्सिअसला अनुक्रमे ०.१, १ व ५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरपेक्षा अधिक असू नये. भांडी विसळायला आणि ऑटोक्लेव्हला तिसरी प्रत पुरते, अभिकर्मकांना दुसरी लागते. त्यामुळे एक आरओ, त्यापुढे ईडीआय (विजेच्या साहाय्याने क्षार काढणारे यंत्र) किंवा मिक्स्ड बेड (मिश्र रेझिनचा स्तंभ), आणि एचपीएलसीच्या टेबलाशेजारी पॉलिशिंगचे, म्हणजे शेवटच्या शुद्धीकरणाचे, छोटे यंत्र अशी टप्प्याटप्प्याची मांडणी विचारा.

१८.२ हा आकडा आयनांपुरताच, म्हणजे विरघळलेल्या क्षारांपुरताच बोलतो. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ किंवा जिवाणू त्यात दिसत नाहीत, आणि आपली तक्रार बहुधा सेंद्रिय पदार्थांचीच आहे, कारण बाष्पनशील संयुगे ऊर्ध्वपातनात वाफेबरोबर पलीकडे जातात. म्हणून पॉलिशिंगच्या यंत्रात १८५ व २५४ नॅनोमीटर अशा दोन्ही तरंगलांबींचा यूव्ही दिवा आणि टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) मापक असल्याची खात्री करून घ्या. केवळ २५४चा दिवा जिवाणू मारतो; सेंद्रिय पदार्थांचे ऑक्सिडीकरण करायला १८५ लागतो.

शिखरे पाण्यातूनच येतात का, हे खरेदीपूर्वी फुकटात तपासता येते. एचपीएलसीच्या सी-१८ स्तंभातून केवळ पाण्याचा टप्पा आधी दहा मिनिटे सोडून ग्रेडियंट (द्रावकाचे प्रमाण हळूहळू वाढवणे) चालवा, मग चाळीस मिनिटे सोडून तोच ग्रेडियंट चालवा. शिखर त्या प्रमाणात वाढले, तर दोष पाण्याचा आहे, कारण जितके पाणी जाते तितके सेंद्रिय द्रव्य स्तंभावर साचते. वाढले नाही, तर नमुना टोचणाऱ्या भागाकडे पाहा.

चंचुपात्र:
मी रुग्णालयाच्या जीवरसायन विभागात काम करते, त्यामुळे माझा भर साठवणीवर. अतिशुद्ध पाणी कॅनमध्ये भरून ठेवले की ते अतिशुद्ध राहत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याची रोधकता काही तासांत एक-दोन मेगाओहमवर येते आणि पीएच साडेपाचच्या आसपास उतरतो. ते लागेल तेव्हा, लागेल तेवढेच काढावे आणि पहिला पेलाभर टाकून द्यावा. आरओच्या पाण्याची टाकी मात्र हवीच. तिच्या झाकणावर व्हेंट फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) आहे का, ती पूर्ण रिकामी करता येते का, हे पाहा.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे कोणीतरी काटकसर म्हणून मुख्य स्विच बंद करून गेले होते. परतल्यावर रोधकता अर्ध्या तासात पूर्ववत झाली, पण जिवाणूंची संख्या ताळ्यावर यायला दोनदा निर्जंतुकीकरण करावे लागले. पाणी फिरते ठेवण्याची सोय नसलेले यंत्र घेऊ नका. एएएससाठीचे पाणी काचेत साठवू नका; बोरोसिलिकेटमधूनही सोडियम व बोरॉन उतरतात.

मापनशीशी:
दोघांचेही आभार. चाचणी केली, दहा मिनिटांचे शिखर चाळीस मिनिटांनंतर जवळपास चौपट झाले. खिशातल्या टीडीएस (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) मीटरवर पालिकेचे पाणी ६८ आणि परवाच्या टँकरचे ६१० दिसले. आमच्या ऊर्ध्वपातित पाण्याला तो शून्य दाखवतो, म्हणून आम्ही इतकी वर्षे निर्धास्त होतो. आता एक सहकारी सुचवतात की पहिल्या टप्प्यासाठी घरगुती आरओ लावून खर्च वाचवावा. ते चालेल का?

ब्युरेट:
खिशातला मीटर शून्य दाखवतो, याचा अर्थ एवढाच की त्याला दिसेल असे काही उरलेले नाही. एक मायक्रोसीमेन्सच्या पाण्यालाही तो शून्यच म्हणेल, आणि अतिशुद्ध पाणी ०.०५५ चे असते, म्हणजे त्याहून जवळपास अठरापट स्वच्छ. घरगुती आरओ नको. पाण्याला चव यावी म्हणून त्यात कच्चे पाणी मिसळणारा टीडीएस कंट्रोलर असतो, शिवाय पुष्कळदा खनिजे घालणारे कार्ट्रिजही असते. आपण जे काढायला बसलो आहोत, तेच ते परत घालतात.

६८ आणि ६१० मधली दरी हाच आपला खरा प्रश्न आहे. भातसा, वैतरणा, तानसा यांचे पाणी मुळात मऊ असते. आरओ त्यातले ९५ ते ९८ टक्के क्षार अडवतो आणि पुढचे रेझिन बराच काळ टिकते. टँकरच्या जड पाण्यावर तोच आरओ, तेच रेझिन काही आठवड्यांत संपते आणि ईडीआयच्या कप्प्यांत चुना बसतो. म्हणून आरओच्या आधी सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारे यंत्र) घ्या, किंवा सकाळचे पालिकेचे पाणी साठवायला स्वतःची वेगळी टाकी ठेवा. मी टाकीच निवडेन. ती गच्चीवर उन्हात नको, कारण बहुतेक यंत्रांना ३५ अंशांपर्यंतचेच पाणी चालते.

क्लोरीनकडे दुर्लक्ष करू नका, तो आरओचे पटल खातो. कार्बन फिल्टरनंतरच्या पाण्यात दर सोमवारी डीपीडीची (क्लोरीन ओळखणारी) गोळी टाकून पाहा. किंचित गुलाबी छटा आली तरी कार्बन बदला. पावसाळ्यात गाळाचा फिल्टर वरचेवर तपकिरी होईल, त्याचे दोन-चार संच आणून ठेवा.

चंचुपात्र:
देखभाल करार सही करण्यापूर्वी शेवटच्या पानापर्यंत वाचा. आमच्या पुरवठादाराच्या ‘सर्वसमावेशक’ करारात कार्ट्रिज, यूव्ही दिवा आणि शेवटचा ०.२ मायक्रॉनचा फिल्टर वगळून बाकी सर्व समाविष्ट होते. म्हणजे जे बिघडत नाही, ते सगळे. तीन वर्षांच्या सुट्या भागांचा खर्च दरपत्रकातच लेखी मागा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मानांकन असेल, तर यंत्रातल्या वाहकता मापकाचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र कोण देणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

मापनशीशी:
तिन्ही पुरवठादारांना सुधारित मागणी आज पाठवली: पाचशे लिटरची वेगळी टाकी, कार्बन, तासाला दहा लिटरचा आरओ, मिक्स्ड बेड, आणि दुहेरी तरंगलांबीचे पॉलिशिंग यंत्र. ईडीआय वगळला, कारण रोज वीस-बावीस लिटरांसाठी त्याची किंमत वसूल होत नाही. दोघांनी लगेच होकार दिला. तिसऱ्यांनी विचारले की मॅडम, टाकीची गरज काय, आमचे यंत्र कुठल्याही पाण्यावर चालते. त्यांना उद्या टँकरच्या पाण्याची बाटली पाठवणार आहे.